पोरांच्या संघात छत्तीस वर्षांचा सेंटर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतला एक बास्केटबॉल क्लब. गेल्या मोसमानंतर चार सीनियर गेले: दोघांना खेळाडू कोट्यातून नोकरी लागली आणि ते आता ऑफिसच्या संघातून खेळणार, एक परदेशी गेला, एकाचा गुडघा गेला. उरलेली मुलं बहुतेक १७ ते २१ वयाची. त्यांत उंच म्हणावा असा एकच, १९ वर्षांचा, सहा फूट चार इंच. अशात सहा-सहाचा (सहा फूट सहा इंच), ३६ वर्षांचा एक सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू), बरीच वर्षं संस्थेच्या संघातून खेळलेला, मानधन मिळालं तर यायला तयार आहे. कमिटी म्हणते घ्या, एनबीएतले (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले) नव्याने बांधणी करणारे संघही अनुभवी सेंटर घेतातच की. कोच म्हणतो, पोरांची मिनिटं खाईल. काय करावं?

माझं उत्तर: घ्या. पण एका मोसमापुरता, सामन्याला पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि पहिल्या पाचांत नाही. यातली एखादी गोष्ट त्याला मान्य नसेल तर त्याला खेळाडू म्हणून घेऊ नका. तसं झालं तर काय करता येईल ते शेवटी लिहिलंय.

कमिटी आणि कोच एकाच माणसावरून भांडतायत, पण दोघांची काळजी वेगवेगळी आहे. कमिटीला गेल्या वर्षीची जागा टिकवायची आहे. दर सामना वीस-वीस पॉइंटांनी हरणारा संघ बघायला पालकही येत नाहीत आणि बॅनर देणाराही पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. कोचला तो १९ वर्षांचा मुलगा दोन वर्षांनी कुठे असेल याची चिंता आहे. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून "तो अजून खेळतो का चांगला?" असं विचारून हा वाद मिटणार नाही. खेळतोच तो चांगला. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून खेळण्यात, आयुष्य काढलेला सहा-सहाचा माणूस स्थानिक लीगमध्ये उभ्या उभ्या दहा पॉइंट काढतो. खरा प्रश्न मिनिटांचा आहे. सेंटरच्या जागेवर सामन्याला ४० मिनिटं असतात. ती कोणाला किती, कधी आणि कशासाठी द्यायची?

हिशेब मांडून बघा. लीगचे दहा सामने धरले तर त्या जागेची ४०० मिनिटं होतात. अनुभवी सेंटर घेतला आणि काहीच ठरवलं नाही, तर कोच घाबरून त्याला २८ मिनिटं खेळवतो, कारण स्कोअर जवळ असला की हात आपोआप त्याच्याकडे जातो. म्हणजे त्याची २८० आणि मुलाची १२०. त्यातली निम्मी सामना आधीच हरलेला किंवा जिंकलेला असतानाची. १५ मिनिटं ठरवली तर मुलाकडे २५० उरतात, शिवाय दोघं एकत्र खेळतील ती वेगळी. कोचची भीती खरी आहे, पण तिचा उपाय नकार देण्यात नाही, पहिल्या सामन्याच्या आधी आकडा कागदावर लिहिण्यात आहे.

आता एनबीएचा मुद्दा, कारण कमिटीत तो निघालाय. वॉशिंग्टन विझार्ड्सने २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या क्रमांकावर अ‍ॅलेक्स सार हा उंच पोरगा घेतला आणि त्याच उन्हाळ्यात योनास व्हालान्चुनास या अनुभवी सेंटरला करारबद्ध केलं. वरवर बघता तुमचीच गोष्ट. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी व्हालान्चुनासला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं आणि बदल्यात ड्राफ्टमधले दुसऱ्या फेरीचे हक्क मिळवले. तिथे अनुभवी खेळाडू ही विकता येणारी मालमत्ता असते. तुमच्या क्लबला असा कोणताही बाजार नाही. हरण्याचंही तसंच. एनबीएत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाच्या ड्राफ्टची प्रत्येकी १४ टक्के संधी असते, म्हणून एखादं वर्ष हरणं त्यांना परवडतं, कधी कधी सोयीचंही असतं. आपल्याकडे हरण्याचं बक्षीस काहीच नाही. खालच्या गटात ढकलले गेलात तर पोरांना चांगले प्रतिस्पर्धी मिळत नाहीत आणि दोन हुशार पोरं दुसऱ्या क्लबात जातात. त्यामुळे "रिबिल्डमध्ये हरलो तरी चालतं" हे वाक्य तिथून उचलू नका.

उचलण्यासारखं आहे ते कराराच्या मुदतीचं. फिनिक्स सन्सने २०१५ मध्ये टायसन चँडलरला चार वर्षांसाठी घेतलं. तो तेव्हा बत्तिशी ओलांडलेला, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलेला अ‍ॅलेक्स लेन हा तरुण सेंटर त्यांच्याकडे आधीच होता. संघाचा डोळा जिंकण्यावर होता, पण पहिल्याच मोसमात ५९ सामने हरले, आणि तो करार नंतरची सगळी वर्षं डोक्यावर राहिला. उलट बाजूला ओक्लाहोमा सिटी थंडर. २०२०-२१ मध्ये अल हॉरफर्ड त्यांच्याकडे होता, वय ३४. तो २८ सामने खेळला आणि मार्चअखेर संघाने सांगून टाकलं की उरलेल्या मोसमात तो बसेल, मिनिटं पोरांना मिळतील. हॉरफर्डला त्याचा त्रास झाला असंही नाही. पुढच्या मोसमात तो बॉस्टनला परतला आणि २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर विजेता झाला. तुम्हाला हॉरफर्डसारखी व्यवस्था हवी आहे.

एका बाबतीत मात्र आपल्याकडचा अनुभवी सेंटर एनबीएतल्यापेक्षा जास्त उपयोगी असतो, आणि हे कमिटीलाही कोणी सांगितलेलं नसणार. एनबीएत बचाव करणाऱ्यालाही तीन सेकंदांचा नियम आहे. कोणाला जवळून गार्ड करत नसेल तर तो पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) ठाण मांडून बसू शकत नाही. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो. तिथे तीन सेकंदांची मर्यादा फक्त हल्ला करणाऱ्याला आहे. तुमचा सेंटर बचावात रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. पाय मंदावलेल्या, पण उंची आणि डोकं शाबूत असलेल्या माणसाला याहून सोयीचा नियम नाही. आणखी एक: फिबात बॉल एकदा रिंगला लागला की तो रिंगवर नाचत असतानाही हात घालून बाहेर काढता येतो. उडी थोडीफार उरली असेल तर सहा-सहाच्या माणसाला सामन्यात एक-दोन बास्केट अशी वाचवता येतात. आपली पोरं टीव्हीवर एनबीए बघून वाढलेली असल्यामुळे तिथे हात घालतच नाहीत.

नागपाड्याच्या किंवा माटुंग्याच्या कोर्टवर खेळलेल्या कोणालाही विचारा, मुंबईतला गार्ड, म्हणजे बॉल घेऊन येणारा खेळाडू, सहसा बुटका, चपळ आणि रिंगकडे धावणारा असतो. स्क्रीन मिळाला, म्हणजे सहकाऱ्याने बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून त्याला अडवलं, की लेअपलाच (रिंगजवळच्या सोप्या शॉटला) जातो. त्याच्यासमोर अनुभवी सेंटरचा सगळ्यात मोठा उपयोग ड्रॉप बचावात होतो. तो नीट समजून घ्या, कारण मुलाने त्याच्याकडून हेच शिकायचं आहे.

समोरच्या गार्डला वर स्क्रीन मिळतो. आपला गार्ड स्क्रीनच्या वरून, बॉलवाल्याला चिकटून मागोमाग जातो. खालून शॉर्टकट मारत नाही. सेंटर स्क्रीनपर्यंत जातच नाही. तो फ्री थ्रो लाइनच्या एक पाऊल आत, गुडघे वाकवून थांबतो. एक हात बॉलसमोर, दुसरा रिंगकडे निघालेल्या त्यांच्या सेंटरच्या पासच्या वाटेत. मग बॉलवाला जसा येईल तसा तो छोट्या पावलांनी मागे सरकतो. दोघांच्या मध्ये राहतो, कोणा एकालाच धरत नाही. गार्डला ड्रिबल थांबवून दहा-बारा फुटांवरून शॉट घ्यायला लावणं हे यश. गेला तरी गेला. पोरं इथे दोन चुका करतात. एक, बॉलवाल्याने खांदा हलवला की वर उडी मारतात, आणि फाउल तरी होतो किंवा बाजूने पास निघतो. दोन, मागे सरकताना टाचांवर येतात, मग समोरच्याने वेग बदलला की पाय उचलतच नाही. ३६ वर्षांचा माणूस उडी मारत नाही कारण त्याला ती रोज दहाच वेळा मारता येते, आणि त्यातूनच त्याची वेळ साधण्याची सवय लागलेली असते. दुसरं त्याचं तोंड. "स्क्रीन लेफ्ट, लेफ्ट! वरून जा!" हे स्क्रीन लागण्याच्या आधी ओरडून सांगणारा सेंटर असेल तर तुमचा १८ वर्षांचा गार्ड तोच गार्ड असूनही दुप्पट चांगला दिसतो.

हे कुठे कोसळतं तेही सांगतो. समोरचा गार्ड स्क्रीनच्या मागे थांबून सहज तीनचा शॉट मारणारा असेल तर ड्रॉपमध्ये तो मोकळाच असतो. एका क्वार्टरमध्ये असे दोन गेले की अनुभवी सेंटरला बाहेर काढा, मुलाला आत घ्या आणि स्विच करा, म्हणजे स्क्रीनवर दोन्ही बचाव करणाऱ्यांनी आपापली माणसं बदलायची. दुसरा संघ हुशार असेल तर मुद्दाम त्याच्याच माणसाकडून वर, अर्ध्या कोर्टाजवळ स्क्रीन लावेल, म्हणजे त्याला पेंटमधून ओढून बाहेर आणता येईल. त्यावर आधीच ठरवून ठेवा: इतक्या वर तो जाणार नाही, गार्डने स्क्रीनखालून जायचं.

हल्ल्यात धोका जास्त आहे, आणि तो सेंटरमुळे कमी, बाकीच्या चौघांमुळे जास्त. पोरांना एकदा कळलं की पोस्टमध्ये बॉल टाकला की "दादा" काहीतरी करतो, की मग ती बॉल टाकतात आणि उभी राहून बघतात. दोन आठवड्यांत तुमचा तरुण, धावणारा संघ चालणारा संघ होतो. त्यासाठी दोन-तीन नियम प्रॅक्टिसमध्येच लावा. पोस्टला पास दिला की देणाऱ्याने लगेच कट मारायचा किंवा शेजाऱ्याला स्क्रीन लावायचा. उभा राहिला तर प्रॅक्टिसमध्ये बॉल दुसऱ्या बाजूला. २४ सेकंदांपैकी पहिल्या आठ-दहा सेकंदांत पोस्टमध्ये पास नाही, आधी पळून मिळतंय का बघा. आणि त्याला रिंगखाली पाठ करून उभं करण्याऐवजी फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर उभं करा. तिथून तो हातातून हातात बॉल सोपवेल, कट मारणाऱ्याला पास देईल, नीट पाय रोवून स्क्रीन लावेल. अनुभवी सेंटरचा स्क्रीन आणि पोराचा स्क्रीन यातला फरक बघायचा असेल तर पाय बघा. पोराचे पाय जवळ-जवळ आणि टक्कर झाली की सरकतात, म्हणून हलत्या स्क्रीनचा फाउल. अनुभवी माणूस खांद्यापेक्षा रुंद पाय ठेवून टक्करीच्या आधी थांबलेला असतो, आणि त्याची पाठ गार्डला जायचं आहे त्या दिशेला असते.

धावण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. त्यांची बास्केट झाली की बॉल जाळीतून घेऊन बाहेरून आत द्यायचं काम त्याचं, आणि मग मागून सावकाश यायचं. चौघं पुढे पळतील. आपला शॉट उडाला आणि तो रिंगखाली नसेल तर ऑफेन्सिव्ह रिबाउंडला (आपलाच हुकलेला बॉल पकडायला) जायचं नाही, सरळ मागे फिरायचं. हे त्याला सांगावं लागेल, कारण आयुष्यभर तो रिबाउंडलाच गेलेला असतो. पण ३६ वर्षांचा सेंटर त्यांच्या रिंगखाली अडकला की दुसऱ्या बाजूला चारावर पाच होतात, आणि मुंबईतले संघ तेवढ्यावर दोन पॉइंट घेतात.

मिनिटांचा आराखडा मी असा लावेन. सामना मुलगा सुरू करेल. पहिल्या क्वार्टरला तीन मिनिटं उरली की अनुभवी सेंटर आत, आणि दुसऱ्या क्वार्टरची पहिली दोन मिनिटं तोच. मध्ये दोन मिनिटांचा ब्रेक मिळतो, म्हणजे पाच मिनिटं सलग न पडता तीन आणि दोन अशी पडतात. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी आणि चौथ्याच्या सुरुवातीला पुन्हा तसंच. झाली दहा. उरलेली पाच राखीव, मुख्यतः मुलाच्या फाउलांसाठी. तरुण सेंटरचे फाउल स्वस्तात जातात: ब्लॉक हुकल्यावर हात खाली आणणं, रिबाउंडला पाठीत ढकलणं, हलता स्क्रीन. पाच फाउलांवर बाहेर. पहिल्या क्वार्टरमध्ये दुसरा किंवा हाफटाइमच्या आधी तिसरा पडला तर आता तुमच्याकडे बसवायला पर्याय आहे. नाहीतर पाच फूट दहा इंचांच्या फॉरवर्डला सेंटर खेळवावं लागतं आणि सामना तिथेच जातो.

शेवटची चार मिनिटं कोण खेळणार, हा मुद्दा आधीच मिटवा. माझं म्हणणं, लीगमध्ये मुलगा, नॉकआउटमध्ये जो त्या दिवशी चांगला खेळतोय तो. लीगचा एखादा सामना यामुळे तुम्ही हराल. ती किंमत मोजायची तयारी नसेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी, हे कमिटीने स्वतःला विचारावं.

इथपर्यंत मी त्या मुलाला सेंटर धरून चाललोय, पण तो खरंच सेंटर आहे का? सहा-चार ही उंची क्लबात सेंटरची असते. राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर सेंटर सहा-आठ, सहा-दहाचे असतात. त्याला पुढे जायचं असेल तर रिंगकडे तोंड करून खेळणारा फॉरवर्ड व्हावं लागेल: कोपऱ्यातून तीनचा शॉट, दोन ड्रिबलमध्ये रिंग, गार्डसमोर पाय हलवून बचाव. क्लबला उंच माणूस नाही म्हणून त्याला चार वर्षं रिंगखाली उभं केलं तर २३ व्या वर्षी तो ना सेंटर राहील ना फॉरवर्ड. म्हणून रोज काही मिनिटं दोघांना एकत्र खेळवा, मुलगा चार नंबरवर, म्हणजे फॉरवर्डच्या जागी. सुरुवातीला पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त नको. कारण दोन उंच माणसं आत असली आणि मुलगा बाहेरून मारू शकत नसला, तर त्याला गार्ड करणारा मजेत पेंटमध्ये येऊन उभा राहतो. वर सांगितलेला फिबाचा नियम मग तुमच्याच विरुद्ध जातो. प्रॅक्टिसनंतर दोन्ही कोपऱ्यांतून मिळून शंभर तीनचे शॉट मारायला लावा. कोपऱ्यात रेषा ६.६० मीटरवर आहे, वरच्या ६.७५ पेक्षा थोडी जवळ. तीस-पस्तीस जायला लागले की एकत्र मिनिटं वाढवा.

माझं उत्तर कशाने बदलेल? मुलगा सहा-आठचा असता तर मी अनुभवी सेंटरला दहाच मिनिटं दिली असती. आणि गेलेल्या चौघांत तुमचा पॉइंट गार्ड असेल, तर सेंटर हा तुमचा पहिला खर्चच नाही. सेंटरला बॉल कोणीतरी आणून द्यावा लागतो. फुल कोर्ट प्रेसवर (समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर दाबून बचाव केला तर) पोरं अर्धं कोर्टही ओलांडत नसतील, तर हेच पैसे ३२-३३ वर्षांच्या, शांत डोक्याच्या गार्डवर खर्च करा. प्रश्नात हे स्पष्ट नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. गेल्या मोसमातल्या तुमच्या स्कोअरशीट काढा आणि बॉल कोण आणत होतं ते आठवून बघा.

घेण्याआधी त्याचं शरीर बघा, आणि तेही एका दिवसात नको. पहिल्या दिवशी सगळेच अनुभवी खेळाडू सुंदर दिसतात. लागोपाठ दोन दिवस बोलवा. पहिल्या दिवशी चार-चार मिनिटांचे तीन तुकडे, पूर्ण कोर्ट, मध्ये चार-पाच मिनिटं विश्रांती. तिसऱ्या तुकड्यात तो बचावाला परत येतो का ते बघा. दुसऱ्या दिवशी आला की आधी गुडघ्यांवर नजर टाका. सूज असेल, जिना उतरताना आडवा होत असेल, सकाळी टाच टेकवताना दुखतं असं म्हणाला, तर सिमेंटच्या कोर्टवर हा माणूस मोसम काढणार नाही. आपल्याकडची बरीच कोर्ट उघडी आणि सिमेंटची आहेत, पिंडऱ्या आणि टाचेची शीर तिथेच जाते. मे महिन्याच्या स्पर्धा तर आणखी वाईट: उकाडा, आणि लीग-कम-नॉकआउटमध्ये चार-पाच दिवसांत चार सामने. अशा स्पर्धेत त्याचे चारही सामने धरू नका. गटातला सगळ्यात सोपा सामना त्याला बसवायचा असं आधीच ठरवा. त्याच्याविना पोरं कशी खेळतात हेही त्यात दिसतं.

प्रॅक्टिस आठवड्यात चार दिवस असेल तर त्याला दोन दिवस पूर्ण आणि एक दिवस फक्त वॉकथ्रू (चाली सावकाश चालत करून बघणं) व शूटिंग. पण ते दोन दिवस पक्के. ऑफिस सुटून लोकलने यायचं म्हणजे साडेसहाची प्रॅक्टिस त्याला सव्वासातला सुरू होते. मग सगळी संघाची कवायत सव्वासातनंतर ठेवा, आधी पोरांचं बॉल हँडलिंग उरका. मुंबईत हे लहानसं वेळापत्रक जमलं नाही म्हणून चांगले करार मोडतात.

पैशाचं. दर सामन्याला इतके, असं मानधन ठरवू नका. मग तो प्रत्येक सामना खेळायला बघतो, दुखतंय हे लपवतो, आणि प्रॅक्टिसला येत नाही. एकूण रकमेचे तीन भाग करा: एक नोंदणी झाल्यावर, एक प्रॅक्टिसच्या हजेरीवर दर महिन्याला, एक मोसम संपल्यावर. हजेरीचा भाग सगळ्यात मोठा ठेवा, कारण तुम्ही विकत घेताय ती मुख्यतः प्रॅक्टिसच आहे. पोरांना बूट स्वतःच्या पैशाने घ्यावे लागत असतील आणि त्याला मानधन मिळत असेल तर ते पहिल्या आठवड्यात बाहेर येणारच. कोचने स्वतः सांगितलेलं बरं.

कागदपत्रं त्याला होकार देण्याआधी. तो अजून कुठल्या संघाकडून नोंदलेला आहे का, बदलीची मुदत कधी, हे जिल्हा संघटनेकडून विचारून घ्या. ऑफिसच्या संघात असेल तर तिथलं ना-हरकत पत्र लेखी. सरकारी नोकरीत असेल तर खात्याला विचारल्याशिवाय बाहेरून मानधन घेऊ नये, हे त्याला माहीत असतंच, पण तुम्हीही विचारा. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या संघाने हरकत घेतली तर दंड तुमच्या क्लबला.

बेंचवरचं एक. कोर्टात असताना त्याने हवं तेवढं बोलावं. टाइमआउटमध्ये फक्त कोच बोलेल. त्याला काही दिसलं असेल तर त्याने कोचच्या कानात सांगावं. दोन आवाज झाले की पोरं वयाने मोठ्याचं ऐकतात आणि कोच नावापुरता उरतो. चाचणीच्या त्या दोन दिवसांतच बघा: बदली केल्यावर तो कुठे जाऊन बसतो? मुलाच्या शेजारी बसून बोट दाखवत काहीतरी सांगत असेल तर उत्तम. टॉवेल डोक्यावर घेऊन टोकाला बसणारा असेल तर माझ्या लेखी तिथेच निकाल लागला.

उपयोग झाला की नाही हे पॉइंटांवरून ठरवू नका. स्कोअररला दोन रकाने करायला सांगा, तो कोर्टात असताना आणि नसताना. प्रत्येकात आपले डिफेन्सिव्ह रिबाउंड आणि त्यांचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड मोजा. आपले २४ आणि त्यांचे १६, म्हणजे त्यांच्या हुकलेल्या ४० शॉटांपैकी ६० टक्के आपण घेतले. हे कमी आहे, ७० च्या वर हवं. सुरुवातीला तो असताना ७२ आणि नसताना ५८ असं काहीतरी दिसेल. मोसमाच्या मध्यावर पुन्हा बघा. नसतानाचा आकडा वर सरकला असेल तर पोरं बॉक्स आउट (रिबाउंडच्या वेळी समोरच्याला पाठीने अडवून ठेवणं) शिकतायत, तुमचे पैसे वसूल. तो अठ्ठावन्नवरच असेल आणि तुम्ही तरीही सामने जिंकत असाल, तर पुढच्या वर्षी याच प्रश्नासाठी पुन्हा इथेच याल.

आणि पंधरा मिनिटं, बेंचवरून, एक मोसम, हे ऐकून तो नाही म्हणाला तर? बरेच जण म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, त्याला अजून खेळायचं आहे आणि ते योग्यच आहे. त्याला विचारा, आठवड्यातून दोन संध्याकाळ फक्त उंच मुलांना शिकवायला येशील का. एका वेळी चार मुलं पुरे: हा सहा-चारचा, दोन फॉरवर्ड, आणि १७ च्या गटातला कोणी उंच होत असलेला. चाळीस मिनिटं, त्यात दहा मिनिटं पायांची हालचाल, पंधरा मिनिटं ड्रॉप आणि बोलणं, पंधरा मिनिटं स्क्रीन आणि बॉक्स आउट, तेही त्याने स्वतः अंगाला अंग लावून. मानधन खेळाडूच्या निम्म्यातही भागेल, नोंदणी नको, ना-हरकतीची कटकटही बरीच कमी. सामने तुम्ही यंदा दोन-तीन जास्त हराल. मुलगा मात्र ४०० मिनिटं खेळेल, आणि सामन्यांत फाउलवर बसला तर त्याच्या जागी कोण, हे कोचला आजच ठरवून ठेवावं लागेल.